वैद्यकीय हयगय आणि वकिलाचा शोध
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली. जुने विद्यार्थी अजूनही सल्ल्यास येतात. असाच एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आला. एका खासगी रुग्णालयात त्याच्या मुलाच्या मोडलेल्या उजव्या हातास प्लास्टर आवळून घातले. बोटे काळी पडली तरी कोणी लक्ष दिले नाही, आणि हात कायमचा निकामी झाला. आम्ही म्हणालो, "बाबा रे, डॉक्टरांशी वैर नको. प्रारब्ध म्हण आणि सोडून दे." पुढे एका मध्यस्थाने मोठा वकील लावून देतो म्हणून पैसे उकळले, त्यापायी भाताचे एक खाचर विकले गेले. खरा वकील भेटला तेव्हा दोन वर्षांची मुदत टळली होती. दोष आमचाही होता. म्हणूनच आज हा विषय घेतला.

प्रत्येक अपयश म्हणजे हयगय नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. परंतु हयगयीस दाद आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यास नेल्यावर पुरेशी भूल न देता, अवाजवी जोर लावून ते बसविले गेले. त्याच दिवशी तो निवर्तला. आईबापांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम अल्प, पण डॉक्टराने वाजवी कौशल्य व काळजी बाळगलीच पाहिजे, हे तत्त्व दृढ झाले. १९९५ साली त्याच न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. जेथे सर्वांनाच उपचार विनामूल्य मिळतात, अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते.

आता व्यवहाराचे बोलू. प्रथम केसपेपर लेखी अर्ज करून मागावेत. ७२ तासांत ते द्यावेत असा वैद्यकीय नियम आहे. नंतर त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. ही कागदपत्रे घेऊनच वकिलाकडे जावे. जमिनीचे दावे उत्तम चालविणारा वकील या कामी उपयोगी पडेलच असे नाही. ग्राहक आयोगात अशा किती तक्रारी चालविल्या, हे त्यास निःसंकोच विचारावे. तेथे स्वतः तक्रार मांडण्याचीही मुभा आहे. उपचारास दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी.

फी आधी ठरवून लिहून घ्यावी, टप्प्याटप्प्याने द्यावी आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. "भरपाईत निम्मा वाटा द्या" म्हणणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास वकिलांच्या आचारसंहितेने मनाई आहे. ज्यांची ऐपत नाही त्यांनी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांस उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे.

बंधूंनो, तो मुलगा आता डाव्या हाताने लिहितो. अक्षर सुंदर आहे. परंतु ते पाहिले की आमची मान खाली जाते. आपल्या घरी असा प्रसंग न येवो. आलाच, तर प्रारब्धास दोष देण्यापूर्वी केसपेपर मागून घ्या, एवढीच विनंती.