सही करण्याआधी : जुन्या विजेच्या गाडीबद्दल

 

आज बोलायचं आहे जुन्या विजेच्या मोटारीबद्दल. काही जणी म्हणतील, आमच्या घरी सायकलचं पंक्चर काढायची पंचाईत, आणि ह्या बाया मोटारीच्या गोष्टी सांगतात! पण हा विषय आता गटांच्या बैठकीत यायला लागला आहे. पोरगा मोबाईलवर फोटो दाखवतो. मोठी, चकचकीत गाडी. म्हणतो, "आई, नवी होती तेव्हा पंचवीस-तीस लाखांची, आता आठ-दहा लाखांत मिळते. पेट्रोल लागत नाही. लग्नसराईत भाड्याने देऊ, विमानतळाची भाडी मारू. तू फक्त गटातून कर्ज उचल, हप्ता मी पाहतो." आणि गाडीच्या मीटरवर असतात दीड लाख किलोमीटर.

पोराचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. विजेच्या मोठ्या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते हे खरं. पेट्रोलपेक्षा विजेवर किलोमीटरमागचा खर्च कमी येतो हेही खरं. पण कर्जाच्या कागदावर सही आपली असते, आणि आपल्या मागे गटातल्या बाकीच्या बायांची. म्हणून सही करण्याआधी काय पाहायचं, ते आज नीट सांगतो.

वीज म्हणजे काय, हे खापरखेड्याच्या बाईला शिकवावं लागत नाही. आपल्या दारातल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४० मेगावॅट. कोळशाच्या गाड्या आणि राखेची धूळ आपण रोज पाहतो. तेव्हा युनिटचा हिशोब आपल्याला जमतो, आणि विजेच्या गाडीचा सगळा हिशोब युनिटचाच आहे. गाडीच्या बॅटरीत किती युनिट मावतात आणि एका युनिटला गाडी किती किलोमीटर जाते, एवढं कळलं की अर्धी गाडी कळली.

समजा, बॅटरी ३० युनिटची आहे आणि गाडी युनिटला ६ किलोमीटर जाते. नवी असताना ती १८० किलोमीटर जाईल. पण बॅटरी मोबाईलसारखीच म्हातारी होते. नवा फोन दिवसभर चालतो, जुना दुपारीच मान टाकतो. तसंच बॅटरीचा दम ८० टक्क्यांवर आला, तर त्या ३० युनिटच्या बॅटरीत २४ च युनिट मावतात आणि गाडी १४४ किलोमीटरवर थांबते. गाडी बाहेरून तशीच चकचकीत दिसते. दम मात्र आतून गेलेला असतो.

हा दम कशाने जातो? पहिलं कारण वापर. दुसरं, उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, आणि अशा उष्णतेत उभी राहिलेली बॅटरी लवकर थकते. तिसरं, रोजच्या रोज झटपट चार्जिंग. चौथं, वय. गाडी चालली नाही तरी बॅटरीचं वय वाढतच राहतं. म्हणून नुसते किलोमीटर पाहून निकाल देऊ नका. हायवेवर चाललेली, रात्री सावकाश चार्ज केलेली दीड लाखाची गाडी चांगली निघू शकते. आणि चार उन्हाळे अंगणात भर उन्हात उभी राहिलेली चाळीस हजारांची गाडी थकलेली निघू शकते.

आता जास्त चाललेल्या महागड्या गाडीची एक खरी गोष्ट ऐका. अमेरिकेत टेस्लूप नावाची कंपनी टेस्लाच्या महागड्या गाड्या प्रवासी नेण्यासाठी चालवत होती. त्यांची एक गाडी पाच लाख किलोमीटरच्या पुढे गेली. ऐकून वाटतं, वा! पण पुढचं ऐका. त्या गाडीची बॅटरी तीन लाख किलोमीटर झाल्यावर एकदा बदलली आणि पाच लाखांनंतर पुन्हा बदलली. दोन्ही वेळा हमीमध्ये, म्हणजे कंपनीच्या खर्चाने. त्या हमीला आठ वर्षांची मुदत होती, किलोमीटरची मर्यादा नव्हती. तेव्हा ती गाडी इतकी चालली, त्यात लोखंडाचा वाटा होता तसा कागदाचाही होता.

आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक विजेच्या गाड्यांच्या बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी असते. दीड लाख चाललेल्या गाडीला हमीचे दहाच हजार किलोमीटर उरतात. भाड्याची गाडी तेवढं दोन-तीन महिन्यांत पार करेल. त्यानंतर बॅटरी गेली, तर खर्च आपला. आणि गाडीतला सगळ्यात महाग भाग बॅटरीच असतो. शिवाय काही हमी पहिल्याच मालकापुरत्या असतात, काही भाड्याच्या गाडीला लागत नाहीत. स्वस्त गाडी स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

आता अगदी वरच्या दर्जाच्या गाडीचं पाहू. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजने ईक्यूएस नावाची विजेची गाडी बनवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत होती १ कोटी ५५ लाख रुपये. त्या कार्यक्रमाला आपले नितीन गडकरी होते, आणि तेही म्हणाले की ही गाडी मला परवडणार नाही. अशी गाडी उद्या जुनी होऊन कितीही स्वस्त झाली, तरी तिची बॅटरी १०० युनिटच्या वरची आणि वजन अडीच टनांचं. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट भरतात. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला तीस तासांहून जास्त! टायर मोठे, सुटे भाग महाग, दुरुस्ती फक्त शहरातल्या मोठ्या केंद्रात. जुनी गाडी घेताना किंमत जुनी लागते, पण दुरुस्तीचं बिल नव्या गाडीचंच येतं. हे वाक्य घरी जाऊन पोराला सांगा.

चार्जिंगचा धडा तर नागपूरनेच देशाला दिला आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला आणि महिंद्राने विजेच्या टॅक्सी, रिक्षा आणि बसचा प्रकल्प सुरू केला. मोठा गाजावाजा झाला. पण वर्षभराच्या आत बातम्या आल्या की चार्जिंगच्या रांगांत चालकांचे तासन् तास जातात, कमाई घटते, आणि अनेकांना गाडी परत करून पेट्रोल-डिझेलची हवी आहे. गाड्या धावत होत्या, तरी चालकांचा दिवस रांगेत मोडत होता. भाड्याच्या धंद्यात उभी गाडी म्हणजे बुडालेली रोजी. तेव्हापासून चार्जिंगची ठिकाणं वाढली आहेत. तरी आपली गाडी कुठे, किती वाजता आणि किती वेळात भरणार, हे आधी ठरवा. घरी भरणार असाल तर मीटरचा मंजूर भार पुरतो का, अर्थिंग नीट आहे का, ते महावितरणच्या कार्यालयात आणि चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या. घरगुती मीटरवर युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, तोही हिशोबात धरा.

आता गाडी पाहायला जाल तेव्हा काय करायचं?

पहिलं, बॅटरीच्या दमाचा अहवाल मागा. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात यंत्र लावून हा अहवाल निघतो. विकणारा म्हणाला, "त्याची काय गरज, गाडी एक नंबर आहे," तर हात जोडा आणि घरी या.

दुसरं, गाडी चालवून पाहा, पण गल्लीतल्या गल्लीत नको. पूर्ण चार्ज करा, एसी लावा, सावनेरला जाऊन या. निघताना किती टक्के, आल्यावर किती टक्के आणि किती किलोमीटर झाले, ते वहीत लिहा. ४० किलोमीटरला २५ टक्के गेले, तर पूर्ण बॅटरीत गाडी १६० जाईल. मग विमानतळाची दोन भाडी त्यात बसतात का, ते आपणच मोजा.

तिसरं, चार्जिंग लावून पाहा. सावकाशही आणि झटपटही. सोबतची केबल गाडीबरोबर मिळते का ते विचारा, कारण ती वेगळी घ्यायची तर महाग पडते.

चौथं, गाडीखाली वाकून पाहा. बॅटरी तळाशी असते. आपल्या रस्त्यांवर दगड लागतो, पावसाळ्यात नाल्याचं पाणी चढतं. तळाला पोचा किंवा गंज दिसला, तर ती खूण साधी समजू नका.

पाचवं, नंबरप्लेट पाहा. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. घरगुती गाडीवर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीवर पिवळी. पिवळी अक्षरं असून विकणारा "घरच्याच वापरात होती" म्हणत असेल, तर बाकीचं बोलणंही तपासून घ्या. मोबाईलवर परिवहन खात्याच्या ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. आणि मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, म्हणून सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवरचे किलोमीटर जुळवून पाहा.

पैशाबद्दलही एक गोष्ट. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली, तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. विजेच्या गाड्यांना हा दर जानेवारी २०२५ पासून लागू झाला. हा कर त्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल, तर पक्कं बिल मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कोणाच्या नावावर? मैत्रिणींनो, गटाचं कर्ज बाईच्या नावावर, हप्ता चुकला तर बैठकीत मान खाली बाईची, आणि गाडीच्या आरसी बुकावर नाव पोराचं, नवऱ्याचं, कधी तर विकणाऱ्याचंच! हे चालणार नाही. ज्या बाईच्या नावावर कर्ज, तिच्याच नावावर गाडी. हा नियम आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.

यात पोरावर अविश्वास नाही. कायदाच तसा आहे. गाडी विकली तरी आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्यावरच येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि नाहरकत दाखला मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. घेणाऱ्याने नाव बदलायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. विमाही नव्या नावावर करून घ्या, आणि गाडी भाड्याने चालणार असेल तर विमा भाड्याचाच हवा.

धंदाच करायचा असेल, तर आणखी एक वाट आहे. राज्य सरकारच्या गुलाबी ई-रिक्षा योजनेत रिक्षा नवी, बाईच्या नावावर आणि बाईनेच चालवायची. किमतीचे २० टक्के सरकार देतं, १० टक्के आपण भरायचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. योजनेत नागपूरचं नाव आहे. आपल्याला लागू होते का, ते महिला व बालविकास कार्यालयात विचारा. चकचकीत गाडीचा थाट तिच्यात नाही, पण रिक्षा नवी, हमी पूर्ण आणि मालकीण आपण.

तरीही जुनी गाडीच घ्यायची ठरली, तर बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने विचारा. बॅटरीचा दम किती टक्के? हमी किती उरली आणि ती आपल्याला लागू होते का? चार्जिंग कुठे, किती तासांत? महिन्याला किती भाडी मिळाली तर हप्ता निघतो, आणि नाही मिळाली तर तो कुठून भरायचा? आणि आरसी बुकावर नाव कोणाचं?

पाचही उत्तरं कागदावर आली, तर आनंदाने सही करा, गाडीला हार घाला, पेढे वाटा. एकाही प्रश्नाला "ते पाहू पुढं" असं उत्तर आलं, तर पेनाचं टोपण लावून ठेवा. गाड्या बाजारात पुन्हा येतील. गटाची पत एकदा गेली की परत आणायला फार वर्षं लागतात.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि मोबाईलवर फोटो दाखवणाऱ्या पोराला शेजारी बसवा. त्यालाही ऐकू द्या.