डोंगरवाटेचा वाटाड्या आणि आकाशातील गरुड

(ग्रामस्थ, शिक्षक व वनकर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्याचे नाव काढताच परप्रांतीयांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो. परंतु सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या तालुक्यांच्या पूर्व अंगास सह्याद्रीची जी रांग आहे, तिच्या वाटा तुडवण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्याही आता थोडकी राहिलेली नाही. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची पदभ्रमणे कित्येक हिवाळे या रानांतून जात आली आहेत. त्यांत आता आणखी एका वर्गाची भर पडली आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून येणाऱ्या या पाहुण्यांना शिखर गाठण्याची घाई नसते. त्यांना गरुड, ससाणे व घारी पाहावयाच्या असतात. त्यांच्यासाठी जो वाटाड्या लागतो तो गावातलाच असावा, आणि काय दाखवावे याइतकेच काय दाखवू नये हेही त्यास ठाऊक असावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

वाटाड्या हवाच कशाला, असे शहरातील काही तरुण विचारतात. नकाशा आता खिशातील फोनवरही दिसतो. परंतु डोंगरावर पाऊस कोसळला की खालचा ओहोळ किती वेळात चढतो, कोणता कातळ शेवाळलेला आहे, गव्याचा कळप कोणत्या वेळी पाण्यावर उतरतो, हे त्या नकाशावर नसते. २०२३ च्या जुलै महिन्यात नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोन जण बुडून मरण पावले आणि त्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालण्याची वेळ वन खात्यावर आली. माहीतगार माणूस बरोबर असणे ही चैनीची बाब नव्हे, हे पटवून देण्यास याहून अधिक दाखला नको. शिवाय चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा अगदी जवळ येतात. चालता चालता आपण कोणत्या राज्याच्या रानात शिरलो आणि तेथे कोणाची परवानगी लागते, हे नवख्यास कळत नाही. स्थानिक माणसास ते पावलागणिक ठाऊक असते.

आता मुख्य विषयाकडे वळू. शिकारी पक्षी पाहण्याची रीत इतर पक्षी पाहण्याहून निराळी आहे. बुलबुल, धनेश किंवा सुतार पक्षी पहाटेच्या गारव्यात, झाडीत, कानोसा घेत शोधावे लागतात. गरुडाचे तसे नाही. त्याचे पंख मोठे, शरीर जड. ते पंख सतत हलवीत राहणे त्यास परवडत नाही. म्हणून ऊन तापेपर्यंत तो उघड्या फांदीवर अंग वाळवीत बसून राहतो. नऊ-साडेनऊच्या सुमारास सडे तापू लागतात. जांभ्या दगडाचा उघडा सडा भोवतालच्या गर्द रानापेक्षा लवकर तापतो आणि त्याच्यावरची ऊन हवा खांबासारखी वर चढू लागते. त्या खांबात शिरून, पंख पसरून, गोल गोल घिरट्या घालीत गरुड विनासायास उंच जातो व मग तेथून दरीवर घसरत निघतो. हा क्रम ज्यास समजला, त्याने पाहुण्यांची सकाळ कशी आखावी हे सांगावयास नको. उजाडल्यावर दोन तास दरीतील वाटेने लहान पक्षी पाहात चालावे, साडेनऊपूर्वी सड्याच्या कडेस पोहोचावे, आणि सावली धरून तेथे स्वस्थ बसावे. चालत राहणाऱ्यास गरुड क्वचितच दिसतो. त्याच्या डोक्यावर झाडांचे छत असते आणि लक्ष ठेच लागू नये म्हणून पायांकडे असते. अकरापर्यंत बसून राहण्याचे धैर्य दाखवणाऱ्या मंडळीस चोर्ला-सुर्ल्याच्या बाजूस एका सकाळी तीन-चार जातींचे शिकारी पक्षी दिसणे दुर्मीळ नाही. ‘आज किती किलोमीटर चालवणार?’ असे विचारणाऱ्या पाहुण्यास ही गोष्ट निघण्यापूर्वीच समजावून सांगितलेली बरी.

ओळख पटवण्यास रंगापेक्षा आकृती अधिक उपयोगी पडते, कारण उंचावरील पक्षी बहुधा काळाच दिसतो. शेपटीस खाच असेल तर ती साधी घार. शेपूट गोल, डोके व छाती पांढरी आणि बाकीचे अंग तांबूस असेल तर ती ब्राह्मणी घार. ही नदीकाठाची व खाडीची रहिवासी, डोंगरावर फारशी येत नाही. रुंद पंखांखालून एक ठळक पांढरा पट्टा कडेने गेलेला दिसला आणि वरून लांबवर जाणारी शीळ ऐकू आली, तर तो सर्पगरुड समजावा. साप, सरडे व बेडूक हे त्याचे खाद्य असल्याने ओहोळाकाठच्या झाडांवर तो नेहमी आढळतो, आणि गरुडांत सर्वांत सहज दिसणाराही हाच. मोरघार शेंडीची, अंगाने सडपातळ. ती दाट रानातील फांदीवरून एकाएकी झेप घेते, म्हणून आकाशात कमी दिसते. शिक्रा कबुतराएवढा, चार-दोन वेळा पंख मारून मग तरंगतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्ये सड्यावरील गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून फिरतात. कड्यांवर शाहीन ससाणा असतो. तो दिसला तर क्षणभरच दिसतो, आणि पाहुणा दुर्बीण डोळ्यांस लावीपर्यंत दरीपार झालेला असतो.

या साऱ्यांत घाटाचा खरा मानकरी मात्र काळा गरुड. सर्वांग काळे, पाय व चोचीचे मूळ पिवळे, पंख लांब व टोकाशी बोटांसारखे फाकलेले. तो झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ स्पर्श करीत, अत्यंत संथपणे रानाचा एकेक पदर न्याहाळीत जातो. तो शोधीत असतो इतर पक्ष्यांची घरटी, त्यांतील अंडी व पिले. त्याच्या त्या मंद गतीचे कारण ठाऊक असलेला वाटाड्या पाहुण्यास जे देतो, ते केवळ नाव सांगणाऱ्यास देता येत नाही.

पक्षी दिसण्यापूर्वी त्याची वर्दी मिळते. कावळे एकदम कोलाहल करू लागले, कोतवाल एखाद्या झाडावर झेपा टाकू लागले, वानरांनी खाकरून इशारा दिला, की त्या दिशेस पाहावे. मात्र शेपटीच्या दोन लांब तारा मिरवणारा भृंगराज कोतवाल मोठा नकलाकार आहे. तो सर्पगरुडाची व शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. जुन्या जाणत्यांनाही त्याने फसवलेले आहे. तेव्हा शीळ ऐकून घाईने नाव जाहीर करू नये.

येथवरचा भाग आनंदाचा झाला. आता अडचणीचा.

पावसाळ्यात घाटातील वाटा निसरड्या व जळवांनी भरलेल्या असतात. म्हणून पाहुण्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. आणि या भागातील बहुतेक गरुडांची घरटी साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल या काळातच असतात. जो हंगाम पाहुण्यांचा तोच घरट्यांचा, ही या व्यवसायातील मूळ अडचण होय. सर्पगरुडाची मादी वर्षास बहुधा एकच अंडे घालते. ते सुमारे सहा आठवडे उबवावे लागते आणि पिलू उडू लागेपर्यंत आणखी दोनेक महिने जातात. काळ्या गरुडाचेही बहुधा एकच अंडे. कोंबडीच्या बारा अंड्यांतील एक वाया गेले तर अकरा उरतात. येथे एक गेले की त्या जोडीचे ते वर्ष गेले. माणसांच्या वावराने बिथरून मादी तासभर घरट्यावरून उठली, तर अंडे उन्हाने तापते किंवा गारठते, अथवा कावळा ते पळवतो.

किनाऱ्यालगत घरटे करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड तर वर्षानुवर्षे त्याच घरट्यास काटक्यांची भर घालीत राहतो. साऱ्या गावास ते झाड ठाऊक असते. पाहुणाही नेमका त्याचाच हट्ट धरतो, कारण उडणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र अवघड आणि घरट्यातल्याचे सोपे. काही जण त्यासाठी अधिक पैसे देऊ करतात. घरी मुले शिकत असलेल्या वाटाड्यास नकार देणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून हा नकार एकट्या वाटाड्यावर सोपवू नये. गावातील सर्व वाटाड्यांनी व ग्रामपंचायतीने मिळून तो ठरवावा, म्हणजे एकाने नाकारलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पक्षी पकडणे, त्यांची अंडी काढणे किंवा घरटी मोडणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु घरट्याखाली दहा माणसे उभी करणे हा प्रकार कायद्याच्या पुस्तकापेक्षा गावाच्या निर्धारानेच थांबेल.

याच्याशी जोडलेल्या लहान गोष्टीही पुष्कळ आहेत. सड्यावर जेवण झाल्यावर टाकलेला भात व पोळीचे तुकडे कावळ्यांना बोलावतात, आणि एकदा सवय लागली की ते कावळे भोवतालची घरटीही धुंडाळतात. उरलेले अन्न परत गावात आणणे हा स्वच्छतेइतकाच पक्ष्यांच्या रक्षणाचा भाग आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावणे, ड्रोन उडवणे, हे प्रकार तर निघण्यापूर्वीच निषिद्ध म्हणून सांगावे. आठ-दहांहून अधिक माणसे एका वाटाड्याबरोबर नकोत. वणव्याची बाब याहून गंभीर. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात व गोव्याच्या अन्य रानांत ठिकठिकाणी आगी लागल्या आणि त्या विझवण्यासाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली. मार्च हा पिले घरट्यात असण्याचा महिना. पाहुण्याची विडी असो किंवा बागायत साफ करण्यासाठी लावलेली आग असो, झाडाच्या शेंड्यावरील पिलास दोन्ही सारखीच.

पाहुणे आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, तो गिधाडांचा. गावातील वयस्कर मंडळींनी मेलेल्या गुराभोवती गिधाडांचे थवे पाहिलेले आहेत, तरुणांनी बहुधा पाहिलेले नाहीत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रोग असावा असे प्रथम वाटले. २००४ साली कारण सिद्ध झाले ते असे, की गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही ती आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस निर्धोक ठरलेले औषध उपलब्ध आहे. गुरे पाळणाऱ्यांनी डॉक्टरकडे त्याचीच मागणी करावी. कोणी बंदूक न उचलता, कोणाचा वाईट हेतू नसता एक पक्षी आकाशातून कसा नाहीसा होतो, हे वाटाड्याने पाहुण्यास अवश्य सांगावे.

याच्या उलट दाखला ईशान्येकडील आहे. नागालँडमधील डोयांग जलाशयाकाठी सायबेरिया व उत्तर चीनकडून येणारे अमूर ससाणे शरद ऋतूत प्रचंड संख्येने उतरतात. २०१२ साली तेथे हजारो ससाणे जाळ्यांत धरून विकले गेले. पुढच्याच वर्षी पांगटी व आसपासच्या गावांनी ही शिकार बंद केली. ज्यांनी जाळी लावली होती, त्यांतील काही जण आता पाहुण्यांना ससाणे दाखवतात व घरी उतरवून घेतात. पावशेरही न भरणारा हा पक्षी तेथून निघून भारतीय द्वीपकल्प ओलांडतो आणि पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेत जातो. नोव्हेंबरमध्ये कोकण-गोव्याच्या सड्यांवर डोळे आकाशाकडे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

अधिकारीवर्गास दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. अभयारण्याच्या प्रवेशपत्राबरोबर स्थानिक वाटाड्याचे शुल्क ठरलेले व फलकावर लिहिलेले असावे, म्हणजे घासाघीस उरत नाही. आणि वाटाड्याची निवड करताना इंग्रजी येते की नाही हे शेवटी पाहावे. रानातून मध व शिकेकाई आणणाऱ्या, गुरे वळणाऱ्या माणसाचे डोळे व कान हीच पहिली पात्रता.

शिक्षकांसाठी एक काम आहे व त्यास खर्च नाही. शाळेत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे गावातील नाव, तो काय करीत होता आणि कोणी पाहिला, एवढे रकाने पुरेत. गावातील नाव आवर्जून लिहावे. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ ज्यांनी चाळला असेल, त्यांस अशा नावांचे मोल ठाऊक आहे. एकाच पक्ष्यास सत्तरीत एक नाव आणि खानापुरात दुसरे असू शकते. ती नावे जाणणारी पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. घरट्याचे झाड मात्र त्या वहीत लिहू नये. ते मुख्याध्यापक व वनरक्षक या दोघांनाच माहीत असावे.