सरकारी वकिलाच्या कामाचा हिशेब मागा



अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात नगराचा सरकारी वकील लोक मते देऊन निवडतात. मुदत संपली की मतदारांपुढे त्याला आपल्या कामाचा जाब द्यावा लागतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मात्र सरकारी वकील शासन नेमते. तेव्हा त्याच्या कामगिरीशी आपला संबंध काय, अशा समजुतीने आपण वागतो. ही समजूत आपल्याला फार महाग पडलेली आहे.

अत्याचाराची फिर्याद तुमची. परंतु न्यायासनापुढे बोलतो तो सरकारी वकील. साक्षी त्याने काढावयाच्या, जामिनाला विरोध त्याने करावयाचा. इतकेच नव्हे, न्यायालयाच्या संमतीने खटला काढून घ्यावयाचा तोही त्यानेच! नव्वदीच्या दशकात शासनाने असे शेकडो खटले मागे घेण्याचा निर्णय केला, तेव्हा फिर्यादीला कोणी विचारले होते? १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय अशी संमती देण्यास मनाई केली आहे.

अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. त्याच्या १९९५ च्या नियमांतील चौथा नियम आपण वाचला आहे काय? विशेष सरकारी वकिलांच्या कामाची तपासणी दरवर्षी जानेवारीत व जुलैत करून जिल्हादंडाधिकाऱ्याने शासनास अहवाल पाठवावा, कुचराई करणाऱ्याचे नाव शासनाने यादीतून कमी करावे, असे तो सांगतो. पीडिताची इच्छा असल्यास जिल्हादंडाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील देऊ शकतो, हेही त्यातच आहे. कन्नड-सिल्लोडच्या खेड्यातील शेतमजुराला हे कोण सांगणार? आपल्यातील शिकलेल्यांनीच सांगावयास हवे.

२६ जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ लागू आहे. त्यान्वये जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना मिळणे व तेथे आपले म्हणणे मांडणे हा पीडिताचा हक्क आहे. सूचना मिळाली नसेल तर तसे लेखी न्यायालयास कळवा. आरोपी सुटला तर अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून याच शहरात आहे. मुंबईची वाट धरावयाची गरज नाही.

जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावयास पाहिजे. तीत आपले बिनसरकारी सभासद बसतात. किती खटले चालले, किती साक्षीदार फितूर झाले, निर्दोष सुटलेल्यांविरुद्ध किती अपिले केली, हे त्यांनी तेथे विचारावे आणि उत्तर लेखी घेऊन वस्तीत वाचून दाखवावे.