न केलेला खर्च कोण भरतो?

(कर्जत येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारने हात आखडावा, बाकीचे बाजार पाहून घेईल, हा उपदेश थॅचर-रेगन यांच्या काळापासून जगभर चालू आहे. त्याची पारख आपण कर्जत-खालापुरातच करू.

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. भांडवल टाटांचे, वीज मुंबईची. त्या काळचे सरकार म्हणे मर्यादित होते! पण घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेताना त्याला मर्यादा आठवली नाही. १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. सरकार लहान होते, ते गरिबाला देताना, घेताना नव्हे.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी राजनाल्याच्या कालव्यांनी शेतांत आले, तेव्हा कर्जतला उन्हाळी भात पिकू लागला. हे पीक वीज कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. सार्वजनिक खर्चाचा दूरचा लाभ असा असतो.

१९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आणला. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुरी दिली गेली. २००५ साली केंद्राने तोच विचार देशासाठी स्वीकारला. तरीही आपल्या वाड्यांतील कातकरी पावसाळा सरताच उचल घेऊन वीटभट्टीची वाट धरतो. हमी कागदावर राहिली, की उचल मालक होते.

आणि इरशाळवाडी! १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. पन्नासहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडीला रस्ता नव्हता. मदत पथके डोंगर पायी चढली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नावही नव्हते. न केलेला खर्चही कोणीतरी भरतोच. येथे तो ठाकर कुटुंबांनी प्राणांनी भरला.

मात्र सरकारी खर्च म्हणजे आपोआप समाजवाद, या भ्रमात आपण राहू नये. ठेकेदाराच्या खिशात गेलेला पैसा विरोधकांच्याच हाती कोलीत देतो. म्हणून खर्च मागणाऱ्यानेच हिशेबही मागितला पाहिजे. ग्रामसभेत बसा, कामाची मागणी लेखी करा, पोच घ्या, धोक्याच्या वाड्यांची यादी स्वतः फिरून करा. सरकार किती मोठे असावे, यापेक्षा ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, हा आपला प्रश्न आहे.