सीडी प्लेअर घ्यायचा की फाइली करून ठेवायच्या?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय एका बचत गटाच्या पत्रावरून घेतला आहे. त्या लिहितात, “आमच्या गटाकडे २६ सीडी आहेत. १९ भजन-अभंगाच्या विकत घेतलेल्या. तीन ‘दीडशे गाणी’वाल्या. आणि चार आमच्याच गावच्या बायांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या, बारा वर्षांपूर्वी भरून घेतलेल्या. त्या गाणाऱ्यांपैकी निम्म्या आता नाहीत. सीडी प्लेअर बिघडलाय. काही जणी म्हणतात नवा प्लेअर घेऊ, काही म्हणतात सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकून फाइली करू. फाइली केल्या तर आवाज खराब होतो असंही ऐकलंय. काय करावं?”

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की या सव्वीस सीडी एकसारख्या नाहीत. बाजारातली भजनाची सीडी फुटली तर तीच गाणी दुसरीकडे मिळतील. त्या चार सीडी गेल्या तर मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. म्हणून यात खरं तर दोन प्रश्न आहेत. वाजवायचं कशावर, हा एक. आणि जपायचं कशात, हा दुसरा. आपल्याकडे खायची ज्वारी वेगळी ठेवतात आणि बियाण्याची वेगळी. तसंच हे आहे.

आधी सीडी म्हणजे काय ते पाहू. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ती बाजारात आणली. १२ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची तबकडी, तिच्यात ७४ ते ८० मिनिटांचा आवाज मावतो. हा आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते, डाव्या बाजूची वेगळी आणि उजव्या बाजूची वेगळी. चांगल्या कानाच्या तरुण माणसाला जेवढा बारीक आवाज ऐकू येतो, तेवढा सगळा या मोजणीत येतो. प्लेअरमधला लेझरचा किरण हे आकडे वाचतो आणि त्यांचा पुन्हा आवाज करतो.

ध्यानात ठेवा, सीडीवर आहेत ते आकडे. आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत नीट उतरवले तर हिशोब बदलत नाही. तसेच ते सीडीवरून कॉम्प्युटरमध्ये जसेच्या तसे उतरवले, तर आवाजही बदलत नाही. मग ‘फाइल केली की आवाज खराब होतो’ हे आलं कुठून? ते आलं एमपी थ्रीवरून.

सीडीवरचा आवाज जसाच्या तसा उतरवला तर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. या फाइलीला वेव्ह म्हणतात. पूर्वी मेमरी कार्डं लहान होती, तेव्हा एवढी जागा परवडत नसे. म्हणून एमपी थ्रीची युक्ती निघाली. माणसाच्या कानाला फारसं कळणार नाही असं वाटतं ते काढून टाकायचं आणि बाकीचं ठेवायचं. मग तेच गाणं मिनिटाला एक-दोन एमबीत बसतं. ‘दीडशे गाणी’वाल्या सीडीत दीडशे गाणी मावतात ती यामुळेच.

एमपी थ्री वाईट असतं असं नाही. चांगल्या प्रतीची केली तर बहुतेकांना फरक कळतही नाही. पण खूप दाबलेल्या फाइलीत जात्याची घरघर ऐकून बघा. ती पाण्यातून आल्यासारखी, बुळबुळीत वाटते. बांगड्यांचा बारीक आवाज, दोन ओव्यांमधला श्वास पुसट होतो. आणि एकदा काढून टाकलेलं परत मिळत नाही. दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही.

याला दुसरा मार्ग आहे. त्याचं नाव फ्लॅक. २००१ सालापासून तो आहे आणि फुकट आहे. याला लॉसलेस म्हणतात, म्हणजे काही न गमावणारा. नऊवारी लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवलं तर जागा कमी लागते, पण उघडलं की नऊ वार ते नऊ वारच असतं. फ्लॅकचं तसं आहे. वेव्हच्या साधारण निम्म्या जागेत बसतो आणि वाजवताना सगळे आकडे परत जागच्या जागी येतात. एमपी थ्री म्हणजे लुगडं कापून केलेलं पोलकं. अंगात घालायला सुटसुटीत, पण त्याचं पुन्हा लुगडं होणार नाही.

तेव्हा ‘सीडीचा आवाज चांगला की फ्लॅकचा?’ याचं उत्तर सोपं आहे. सीडी नीट उतरवली असेल, तर दोन्ही सारखेच. तोच स्पीकर लावला तर कानाला फरक कळायचं कारण नाही.

मग सीडीच ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. सीडीवर आवाज साठवलेला थर आपल्याला वाटतं तसा खालच्या चकचकीत बाजूला नसतो. तो वरच्या, नाव लिहितो त्या बाजूच्या अगदी जवळ असतो. खालच्या बाजूला जाड पारदर्शक प्लॅस्टिक असतं. तिथला बारीक ओरखडा प्लेअर पुष्कळदा सांभाळून घेतो. वरच्या बाजूला बॉलपेनची टोचणी लागली किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला, तर थरच निघून येतो आणि तेवढा आवाज कायमचा जातो.

त्यातही कारखान्यात छापलेली सीडी वेगळी आणि आपण भरून घेतलेली वेगळी. भरून घेतलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, त्यावर लेझरने खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग हळूहळू बिघडतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. खिडकीशी ठेवलेली सीडी वरून धडधाकट दिसते आणि एक दिवस वाजतच नाही. म्हणजे या गटाकडे ज्या चार सीडी सगळ्यांत मोलाच्या, त्याच सगळ्यांत कच्च्या.

आपल्या ओव्यांचं मोल किती, हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी फार आधी ओळखलं होतं. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बऱ्याच ओव्या लिहून घेतल्या, काहींचं ध्वनिमुद्रणही केलं. आज ते दोघंही नाहीत, पण तो ठेवा आता ‘पारी’ या संकेतस्थळावर मोबाईलवरही वाचता-ऐकता येतो. टेपवरचे आवाज वेळेवर पुढच्या साधनावर उतरवले गेले म्हणून हे झालं. नुसते शब्द लिहून ठेवले असते तर चाल गेली असती, ठेका गेला असता.

म्हणून माझं उत्तर असं. पैसे आधी प्लेअरवर घालू नका. आधी त्या चार सीडी उतरवून घ्या, फ्लॅकमध्ये. मग बाकीचं.

आता हे काम कसं करायचं ते सांगते. वही-पेन्सिल घ्या.

पहिलं, सीडी पुसून घ्या. मऊ सुती कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो आवाजाच्या रेघेच्या बाजूने लांबवर जातो आणि प्लेअरला सांभाळता येत नाही. चिकट डाग असेल तर साध्या पाण्याने धुऊन वाळवा. रॉकेल, स्पिरिट नको.

दुसरं, सीडी घालायची सोय असलेला कॉम्प्युटर शोधा. नव्या लॅपटॉपना ती नसते. शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या किंवा तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला असते. बाहेरून वायरने जोडायचा ड्राइव्हही मिळतो. तीन-चार गटांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

तिसरं फार महत्त्वाचं. सीडी उघडल्यावर पडद्यावर ट्रॅक १, ट्रॅक २ अशी नावं दिसतात. ती नुसती उचलून पेन ड्राइव्हवर टाकली तर गाणं येत नाही. येते ती फक्त खुणेची चिठ्ठी, आणि सीडी बाहेर काढली की काहीच वाजत नाही. सीडी ‘रिप’ करावी लागते. त्यासाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. खराब जागा ते पुन्हापुन्हा वाचून बघतं आणि कुठे चूक राहिली तेही सांगतं. दुकानदाराकडून करून घेणार असाल तर स्पष्ट सांगा, “एमपी थ्री नको, फ्लॅक करून द्या.” आणि पैसे देण्याआधी तिथेच ऐकून बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही. एका ड्राइव्हवर सीडी अडली तर लगेच निराश होऊ नका. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच सीडी वाचली जाते असं पुष्कळदा होतं.

चौथं, नावं घाला. ‘ट्रॅक ७’ या नावावरून दहा वर्षांनी काही कळणार नाही. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, साल, ओवी कशाबद्दल आहे, एवढं फाइलीच्या नावात हवं. यासाठी गटातल्या जुन्या बायांना बोलावून बसा. आवाज ओळखणाऱ्या त्याच आहेत, आणि त्या आहेत तोवरच हे काम होईल. हीच यादी गटाच्या रजिस्टरमध्येही लिहा.

पाचवं, तीन प्रती करा. पेन ड्राइव्हही मरतो, हरवतो, लेकराच्या हातून पाण्यात पडतो. एक प्रत गटाच्या पेन ड्राइव्हवर, दुसरी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर, तिसरी गावाबाहेर, एखाद्या लेकीकडे किंवा बहिणीकडे. एका घरात तीन प्रती ठेवल्या आणि त्या घराला पाणी लागलं, तर तिन्ही जातात. वार्षिक सभेला हिशोब तपासता ना, त्याच दिवशी या तिन्ही प्रती लावून बघा.

जागेची काळजी करू नका. एक तासाचा आवाज फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होतो. चार ओव्यांच्या आणि १९ भजनांच्या मिळून २३ सीडी १६ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर बसतील. त्या तीन ‘दीडशे गाणी’वाल्या सीडी मात्र फ्लॅकमध्ये करू नका. त्यातला आवाज आधीच कमी केलेला आहे. फ्लॅक केला तर फाइल मोठी होईल, गेलेला आवाज परत येणार नाही. त्या फाइली आहेत तशाच उतरवा.

आता वाजवण्याचं. पेन ड्राइव्ह लावायचे स्पीकर सगळीकडे मिळतात, पण त्यांतले पुष्कळ स्वस्त स्पीकर फक्त एमपी थ्री वाजवतात. दुकानात आपला पेन ड्राइव्ह नेऊन लावून बघा. फ्लॅक वाजत नसेल तरी बिघडत नाही. मूळ फ्लॅक जपून ठेवा आणि भजनाच्या दिवशी वाजवायला त्यावरून एमपी थ्रीची वेगळी प्रत करा. ती घासली, हरवली तरी बियाणं घरात आहे. साध्या ॲन्ड्रॉइड मोबाईलवर फ्लॅक वाजतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

आणि प्लेअर? त्याचीही बाजू आहे. सासूबाईंना मोबाईलमध्ये फाइल शोधणं जमत नाही, बटण दाबणं जमतं. मध्येच कुणाचा फोन येऊन अभंग तुटत नाही. तेव्हा विकतच्या सीडी ऐकायला प्लेअर हवाच असेल तर आधी गावात चौकशी करा. कुणाच्या घरी जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडला असेल, त्यावर सीडी वाजते. नव्या प्लेअरचे पैसे वाचतील.

उतरवून झाल्यावर त्या चार सीडी टाकून देऊ नका. त्या मूळ आहेत. डबीत घाला, डबी उभी ठेवा, ऊन आणि चूल यांपासून लांब.

शेवटी परवानगीचं सांगते. विकतच्या सीडीची प्रत स्वतःच्या ऐकण्यापुरती. त्यावरून प्रती काढून विकणं हा गुन्हा आहे. आणि आपल्या ओव्या? त्यांत सासुरवास आहे, माहेरची आठवण आहे, नावं घेऊन सांगितलेली दुःखं आहेत. त्या बाईने ते जात्यापाशी, आपल्या माणसांत म्हटलं होतं. एकदा व्हॉट्सॲपवर गेलेलं परत आणता येत नाही. म्हणून ती हयात असेल तर तिला विचारा, नसेल तर तिच्या लेकीसुनांना विचारा. नाही म्हणाल्या तर ती ओवी जपायची, पण पसरवायची नाही.

त्या गटाच्या मैत्रिणींना एवढंच सांगते. येत्या बैठकीत प्लेअरचा विषय पुढे ढकला आणि सीडी उतरवण्याचा विषय पहिला घ्या. कोण तालुक्याला जाणार, कोणत्या दिवशी, हे ठरवूनच उठा. उन्हाळा यायच्या आत ते काम होऊ द्या.

नमस्कार.