धर्मग्रामाचा इतिहास कपाटात आहे

वसई परिसरात एखाद्या चर्चचा महोत्सव आला की स्मरणिका निघते. चर्च कधी बांधलं, कधी वाढवलं, कोणते धर्मगुरू किती वर्षं होते, हे तिच्यात असतं. ते हवंच. पण तो वास्तूचा इतिहास झाला. धर्मग्राम (पॅरिश) म्हणजे माणसं, आणि त्यांचा इतिहास चर्चच्या कपाटातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्यांत आहे. उदाहरण वसईचंच घ्या. 1739 मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. पोर्तुगीज धर्मगुरू गेले, किल्ल्यातली चर्चं पुढे ओस पडली. वास्तू हाच धर्मग्राम असता तर तो तिथेच संपला असता. पण एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि गावोगावच्या कुटुंबांनी तो चालवला. वसईच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. घड उतरला की केळीचा खांब तोडतात, पण जमिनीतल्या कंदाला मुनवे फुटतात आणि बाग पुढे चालते. आपण मात्र खांबाचीच उंची मोजत बसतो. कुठला मुनवा कुठल्या वाडीतून आला, कुठे लागला, ते वहीत असतं.

बाप्तिस्म्याची एकच नोंद पाहा. बाळाचं नाव, तारीख, आईबापांची नावं, गाव, धर्ममातापिता, धर्मगुरूंची सही. विसाव्या शतकातल्या वह्यांत त्याच ओळीशेजारी, समासात, पुष्कळ वर्षांनी वेगळ्या शाईत लिहिलेली लग्नाची टीप. स्मरणिकेत जिला जागा नाही ती आई इथे नावानिशी आहे. अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जुळवल्या तर कुठल्या गावाची सोयरीक कुठल्या गावाशी होती, ते उलगडतं.

कोणी म्हणेल, जुन्या नोंदी लॅटिन-पोर्तुगीजमध्ये, त्या वाचणार कोण? पण या नोंदींचा साचा ठरलेला असतो. तेच शब्द पानोपानी येतात, बदलतात ती नावं आणि तारखा. चिकाटीने बसणाऱ्याला ते जमतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घराघरांतल्या खाजगी गोष्टी उघड्या पडतील. हे मान्य. म्हणून अलीकडच्या वह्या बंदच राहाव्यात, शंभर वर्षांपलीकडच्या वह्या अभ्यासकांना दाखवाव्यात. तिसरं म्हणणं असं की फार जुन्या वह्या उरल्याच कुठे? मग ज्या उरल्या त्यांना तर जास्तच जपायला हवं. वसईच्या दमट हवेत कागद फार काळ तग धरत नाही, आणि वाळवी महोत्सवाची वाट पाहत नाही.

म्हणून पुन्हा तेच सांगतो: इतिहास वहीत आहे. पुढच्या स्मरणिकेची बैठक बसेल तेव्हा जाहिरातींचा हिशेब नंतर करा. आधी धर्मगुरूंची परवानगी घेऊन कपाट उघडा आणि जुन्या वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.