पंधराशे रुपये आणि मतदानाची तारीख



योजनाच वाईट, असे मी म्हणत नाही. पंधराशे रुपये आले की घरची बाई दुकानदाराची उधारी भागवते, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण तारखा पाहा. महाराष्ट्रात ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला, सत्ताधाऱ्यांना ४८ पैकी १७ जागा. २८ जूनला अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ आली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे तर आचारसंहितेआधीच वाटले गेले. मतदान २० नोव्हेंबरला! (मास्तरांचा पगार असा आगाऊ झालेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही.)

प्रचारात २१०० चे वचन होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते दिसले नाही. छाननी मात्र सुरू झाली. अडीच लाख उत्पन्नाची, चारचाकीची अट पहिल्यापासून कागदावर होतीच. मतदानाआधी ती बघायला सवड कोणाला? ज्या शेतकरी बहिणींना केंद्र व राज्याच्या शेतकरी योजनांतून महिना हजार पडतात, त्यांना इथे पाचशेच.

तेव्हा आपल्या वाड्यावर कोणी फॉर्म घेऊन आला, तर आधी सरकारी आदेश मागा. शिकत्या पोराकडून अटी मोठ्याने वाचून घ्या. पुढच्या वर्षीची तरतूद किती, तेही विचारा, आणि अर्जाची पोच ट्रंकेत जपून ठेवा.